तू म्हण ना

कॅनडातलं ते शहर आमच्या घरात शिरलं ते बहारीनमधल्या, जनाबियातल्या एका व्हिलामधून. तिथे एका बँकवाल्यांकडे आम्हा मराठी मंडळींचं शुक्रवारचं जेवण होतं. पुरुष एसीखाली, बायका स्वयंपाकघराच्या दारात, पोरं वरच्या मजल्यावर इंग्रजीत भांडत, अशी आमची नेहमीची वाटणी. माझ्या नवऱ्याने हातातला वडा अर्धा खाल्ला, घसा साफ केला आणि जाहीर केलं, की तो फ्रेंच शिकणार आहे. कॅनडात नदीकाठी एक लहानसं शहर आहे, तिथे बहुतेक सगळे फ्रेंचच बोलतात, आणि फ्रेंच येणाऱ्या माणसांना ते बोलावून घेतात.

"आणि वहिनी?" बँकवाल्यांनी विचारलं.

"ती येईल की माझ्याबरोबर. तिचं काय!"

मी तेव्हा कोशिंबिरीवर फोडणी ओतत होते. त्या चरचरीत आपलं बोलणं बुडालं असं त्याला वाटलं असावं. बुडालं नव्हतं. त्याची असली वाक्यं मला दोन भिंतींपलीकडूनही ऐकू येतात.

शहराचं नाव मी लिहीत नाही. आमच्यातल्या कुणी हे वाचलं तर लगेच नकाशा उघडून बसतील. एवढंच सांगते, की एक लोखंडी पूल आहे, एक उंच चर्च आहे, आणि हिवाळ्यात नदी इतकी गोठते की माणसं तिच्यावरून चालत पलीकडे जातात. तरुण पोरं शिकून मोठ्या शहरांत निघून जातात आणि मागे म्हातारी माणसं उरतात. हे ऐकून मला ते शहर फार लांबचं वाटलंच नाही. आमच्या सांगलीच्या गल्लीतही आता तसंच आहे.

नवऱ्याला तिथे जायची घाई होती, कारण त्याची इथली नोकरी संपत आली होती. सलमाबादमधल्या एका कंपनीत तो एसीच्या डक्टचे हिशेब करायचा. चालू प्रोजेक्ट संपला की तुमचं खातं बंद, असं मालकाने तोंडावर सांगितलं होतं. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि पन्नाशीला टेकलेल्या माणसाला आखातात दुसरं कुणी उभं करत नाही. मग उरलं काय, तर कराडला आईकडे परत जाणं. ते त्याला नको होतं. आईवर त्याचं प्रेम आहे, पण फोनवरून.

आणि हो, लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे हे लक्षात आलंच असेल. तोंडाने मी तसं कधी म्हणत नाही. तोंडाने 'हे', 'अहो', 'तुम्ही'. का ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलेलं आहे.

लग्न ठरलं तेव्हा मी मिरजेला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि तो पुण्यात नोकरीला. आम्ही फोनवर तासन्तास बोलायचो. मी 'अहो' म्हटलं की तो चिडायचा. "तू म्हण ना. म्हातारा झाल्यासारखं वाटतं मला." पहिल्यांदा 'तू' म्हणाले तेव्हा हॉस्टेलच्या जिन्यात माझे कान गरम झाले होते. मग सवय झाली. फार गोड सवय होती ती, उगाच खोटं कशाला बोलू.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कराडला पंगत बसली होती आणि मी भात वाढत होते. त्याच्या पानापाशी आले आणि तोंडातून निघून गेलं, "तुला भात वाढू?"

सगळ्यांचे हात थांबले. सासूबाई पानावरून उठल्या. "काय गं, नवऱ्याला अरे-तुरे करतीस? हेच शिकवलंय व्हय तुझ्या आईनं?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं, 'मीच सांगितलंय तिला.' तो खाली मान घालून भातात आमटीसाठी आळं करत होता. मग सासूबाईंनी मला ते भाताचं पातेलं हातात धरून पंगतीतल्या एकेकापुढे उभं केलं आणि प्रत्येकापुढे म्हणायला लावलं, 'अहो, तुम्हाला भात वाढू का?' चुलतसासरे, दीर, शेजारचे काका, सगळ्यांपुढे. शेवटी नणंदेच्या मांडीवरच्या तान्ह्या पोरापुढेही. ते पोर खुदकन हसलं. मग सगळी पंगत हसली, आणि माझा नवराही हसला. पातेलं चांगलंच गरम होतं. त्या दिवसापासून 'तू' हा शब्द माझ्या जिभेवरून गेला तो गेलाच.

त्याचं 'तू' मात्र राहिलं. 'तू गप्प बस', 'तू थांब', 'तुझं नंतर बघू'. यातलं शेवटचं त्याचं सगळ्यात लाडकं. बहारीनला आल्यावर मला नर्सचं लायसन्स काढायचं होतं, तर तुझं नंतर बघू. भावाच्या लग्नाला जायचं होतं, तुझं नंतर बघू. माझ्या रेसिडेन्ट कार्डावर बरीच वर्षं 'हाऊसवाइफ' एवढंच छापलेलं होतं, आणि ते कार्ड मी आमच्या हूरा भागातल्या दुकानदारांना दाखवत भाजी आणत फिरत होते.

एका गुरुवारी संध्याकाळी सांगलीहून भावाचा फोन आला. आईला दवाखान्यात हलवलं होतं, ती माझं नाव घेत होती. मी बॅग भरली. पासपोर्ट कुठे, तर सलमाबादला, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. सगळ्यांचे पासपोर्ट तो तिथेच ठेवायचा, घरात हरवतात म्हणून. "उद्या सुट्टी आहे," तो म्हणाला. "ऑफिस बंद. तुझं रविवारी बघू." शुक्रवारी सकाळी तो क्रिकेट खेळायला गेला. ते मैदान कुठे होतं, तर सलमाबादलाच, त्याच्या ऑफिसच्या मागच्या रस्त्यावर. किल्ली त्याच्या खिशात होती. दुपारी घामाघूम होऊन परत आला आणि मी विचारलं, "आणलात का?" तर डोक्याला हात लावून म्हणाला, "अरे हो! मॅच इतकी टाइट होती!"

आई शनिवारी पहाटे गेली. मी पोचले तेव्हा भाऊ तिचं अंथरूण गुंडाळून माळ्यावर टाकत होता. वडील आधीच गेले होते. पुढे भावानेही घर विकलं आणि तो सासुरवाडीला, कोल्हापूरला गेला. माहेर म्हणून जे काही होतं ते तिथे मिटलं.

परत आल्यावर मी त्याच्याशी भांडले नाही. पासपोर्ट मात्र मागून घेतले, माझा आणि मुलीचा. लायसन्सची कागदपत्रं स्वतः हिंडून जमवली, परीक्षा दिली आणि एका पॉलिक्लिनिकमध्ये नर्स म्हणून लागले. तिथल्या माझ्या लॉकरमध्ये ते पासपोर्ट ठेवले. तो मंडळींना सांगायचा, "हिला घरी बोअर होतं, म्हणून म्हटलं जा."

तर फ्रेंच. मनामातल्या एका जुन्या इमारतीत क्लास होता. मला तिथे तो घेऊन गेला तो एवढ्यासाठी, की घरी सराव करायला कुणीतरी हवं. मुलगी शाळेत फ्रेंच शिकत होती, पण ती बापाचे उच्चार ऐकून "ओ माय गॉड, पापा, स्टॉप" म्हणत खोलीचं दार लावून घ्यायची. शिकवणारी बाई ट्युनिशियाची होती. बारीक, करकरीत आवाजाची, हातात खडूऐवजी बहुधा कॉफी. आमच्या मागच्या बाकावर रत्नागिरीचा एक क्लार्क बसायचा, मोठा मिश्कील माणूस.

बाई आम्हा सगळ्यांना 'वू' म्हणायची. फ्रेंचमध्ये 'वू' म्हणजे तुम्ही. पहिल्या दिवशी तिने माझ्याकडे बघून 'वू' म्हणत प्रश्न विचारला, आणि मी मागे वळून पाहिलं, की कुणाला विचारते आहे. माझ्या घरात मला 'तुम्ही' म्हणणारं कुणी नव्हतं. मुलीचं तर सगळंच 'यू', त्यात मान-अपमान दोन्ही मावतात. मला ते 'वू' इतकं आवडलं, की केवळ ते ऐकायला मी गृहपाठ करू लागले.

आणि 'तू' ला फ्रेंचमध्ये काय म्हणतात? 'त्यू'. जवळजवळ आपलाच शब्द, नुसते ओठ जरा पुढे काढायचे. बाईने फळ्यावर लिहून दिलं: मित्र, भावंडं, कुत्रा, देव आणि नवरा-बायको, यांना त्यू. अनोळखी माणसं, साहेब आणि म्हातारी माणसं, यांना वू. मग जोड्या लावून बोलायला लावलं. नवरा मला म्हणाला त्यू. मी त्याला म्हणाले वू.

बाईने कॉफी खाली ठेवली. "हा तुमचा साहेब आहे?"

"नवरा."

"मग वू कशाला?"

नवऱ्याची छाती फुगली. आमच्याकडे बायका नवऱ्याचा कसा मान राखतात, ही आमची संस्कृती, वगैरे त्याने इंग्रजीत समजावलं. बाईने शांतपणे ऐकून घेतलं. "छान. मग तुम्हीही यांना वू म्हणा."

"नो, नो," तो हसला. "मी कसं म्हणणार?"

"एकाने त्यू म्हणायचं आणि दुसऱ्याने वू, हे आमच्याकडे शाळेत चालतं, मास्तर आणि पोरात. आणि पूर्वी श्रीमंतांच्या घरी चालायचं, मोलकरणीशी. तुम्ही यातले कोण?"

त्याला अर्धंच कळलं. जे कळत नाही त्याला तो मान हलवून एकच उत्तर द्यायचा: "वुई, बियाँ स्यूर." म्हणजे हो, अर्थातच. हे तीन शब्द त्याने पहिल्याच आठवड्यात पाठ केले होते आणि त्यांच्यावरच त्याचा सगळा संसार चालला होता. एकदा बाईने अगदी हसतमुखाने त्याला मेस्यू, म्हणजे महाशय, म्हणत विचारलं, "मेस्यू, तुम्ही गृहपाठ करत नाही, वर्गात पेंगता, तुम्हाला उद्यापासून घरीच बसवायचं का?" तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "वुई, बियाँ स्यूर!" वर्गात हशा फुटला. आपलं उत्तर बरोबर आलं म्हणून सगळे खूश झालेत असं वाटून तोही हसला.

"वयनी," मागून रत्नागिरीचा क्लार्क हळूच म्हणाला, "ह्यांचा बरा हाय. कुनी फाशी देतो म्हनला, तरी बियाँ स्यूरच बोलतील."

मी तेव्हा हसले, आणि ते लक्षातही ठेवलं.

पण 'त्यू' माझ्या तोंडून येईना. बाकी सगळं येत होतं. क्रियापदं यायची, ती नाकातली अक्षरं यायची, पेशंटला कुठे दुखतंय हे विचारता यायचं. नवऱ्याकडे बघून ओठ पुढे काढले, की हाताला पातेल्याचा चटका आठवायचा आणि बाहेर पडायचं ते वू. बाईने शेवटी नाद सोडला.

परीक्षेला आम्ही दोघं बसलो. तो नापास झाला, मी पास झाले. तो पुन्हा बसला आणि पुन्हा नापास झाला. मंडळीत त्याने सांगितलं, "आमचं झालं फ्रेंच." पुढे त्या नदीकाठच्या शहरातल्या एका वृद्धाश्रमाने मला नोकरी देऊ केली, तेव्हाही तो म्हणाला, "आम्हाला ऑफर आली." पण अशा गोष्टी लपत नाहीत. व्हिलातल्या पुढच्या जेवणाला बँकवाल्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मग फाइल कुणाच्या नावावर? वहिनींच्या? म्हणजे तुम्ही डिपेंडंट?"

"टेक्निकली," नवरा म्हणाला.

"मग तुमच्या कार्डावर काय छापतील हो? हाऊसवाइफ?"

एसीखाली हास्याचा धबधबा कोसळला. बायका दारातून डोकावून हसल्या. एक जण म्हणाला, आता भाऊंना पोळ्या शिकायला हव्यात. दुसरा म्हणाला, पोळ्या नंतर, आधी बायकोला विचारून बाथरूमला जायला शिका. नवऱ्याचे कान लाल झाले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी बोलेन म्हणून. माझ्या ताटात भात होता. मी भातात आमटीसाठी आळं केलं, नीट, गोल.

त्याचं वाईट वाटायला हवं होतं, असं म्हणणारी माणसं असतील. त्यांनी आपापल्या घरी वाटून घ्यावं.

तरीही सांगते, तेव्हा मी त्याला नेणारच होते. फाइल माझी होती. नवरा बरोबर येणार की मागे राहणार, हे सांगणं माझ्या हातात होतं, आणि मी 'येणार' असंच धरून चालले होते. इतक्या वर्षांचा संसार, मुलीचा बाप, इथला व्हिसा संपत आलेला. तिथे बर्फात उभं केलं तर कदाचित सुधारेल, असंही एक खुळं मनात होतं.

आता एकच पायरी उरली होती. वृद्धाश्रमाची बाई आणि त्या शहराच्या स्वागत समितीचे एक गृहस्थ आमच्या कुटुंबाशी व्हिडिओवर बोलणार होते. त्यांना टिकणारी माणसं हवी होती, वर्षभरात मोठ्या शहरात पळणारी नव्हे. त्यावर सगळं ठरणार होतं.

नवरा हादरला. ट्युनिशियाच्या बाईने त्याला सांगून ठेवलं होतं, की बायको नवऱ्याला वू म्हणताना दिसली तर त्या लोकांना वाटेल या दोघांत काहीतरी बिनसलंय, किंवा लग्नच खोटं आहे. मग आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज तालीम सुरू झाली. तो माझ्यासमोर खुर्ची ओढून बसायचा.

"तू म्हण."

"अहो, जमत नाही."

"मराठीत म्हण, मग फ्रेंचमध्ये आपोआप येईल. तू म्हण ना. प्लीज, म्हण ना."

तोच आवाज, तीच लाडीगोडी, हॉस्टेलच्या जिन्यात फोनवर ऐकलेली. मधली सगळी वर्षं या माणसाने कुठे ठेवली होती कोण जाणे. मी प्रयत्न करायचे. खरंच करायचे. मुलगी फ्रिजला टेकून बघत असायची. "जस्ट से इट, मम्मा. इट्स वन वर्ड," ती म्हणायची. तिला कसं सांगणार, तो शब्द एका तान्ह्या पोरापुढे काढून घेतला गेला होता.

कॉल दुपारी उशिरा होता, त्यांच्याकडे सकाळ. मी क्लिनिकमधून रजा घेतली होती. आतल्या खोलीत साडी नेसत होते आणि बाहेर नवरा स्पीकरवर आईशी बोलत होता. शर्टाला इस्त्री चालली होती, म्हणून फोन टेबलावर ठेवलेला.

"हो आई, मी नेतोय हिला कॅनडाला. हिचं फ्रेंच जरा कच्चं आहे, पण घेईन जमवून."

"नेतोस ते ने," सासूबाई म्हणाल्या. "पर तिथं जाऊन शेफारली नि सोडून गेली, म्हंजे?"

"ही?" तो हसला. "जाणार कुठे?"

"ते बी खरंच. म्हायेर हाय कुठं आता तिला. बरं झालं म्हातारी वेळेत गेली."

आणि तो पुन्हा हसला. कराडच्या पंगतीत हसला होता तसा, आईच्या हसण्यात हसू मिसळून. इस्त्रीची वाफ फुसकन सुटली. मी निऱ्या खोचल्या, पदराला पिन लावली आणि बाहेर येऊन लॅपटॉपसमोर बसले.

पडद्यावर एक पांढऱ्या केसांची, गालावर खळ्या असलेली बाई आली, आणि तिच्या शेजारी स्वेटर घातलेले गृहस्थ. दोघंही मला 'वू' म्हणत होती. तुम्ही कशा आहात, तुमचा प्रवास किती लांबचा, तुम्हाला थंडीची भीती नाही ना वाटत. बाईने लॅपटॉप उचलून खिडकीकडे वळवला. खाली बर्फ, मागे एक लांबच लांब करडा पट्टा. ती म्हणाली, "ती आमची नदी. आता निजली आहे. वसंतात बर्फ फुटतो तेव्हा मोठा आवाज होतो, आणि सगळं गाव काठावर बघायला येतं."

मी म्हणाले, माझं गावही नदीकाठी आहे. आमच्याकडे पावसाळ्यात पाणी चढतं, तेव्हा सगळं गाव पुलावर जाऊन किती चढलं ते बघतं. घरात पाणी शिरायची वेळ आली तरी आधी बघून येतात, मग सामान हलवतात. दोघंही मनापासून हसली. गृहस्थ म्हणाले, अगदी आमच्यासारखंच. नवरा माझ्या डाव्या बाजूला ताठ बसला होता आणि मान डोलवत होता. उजवीकडे मुलगी होती.

मग बाईने विचारलं, "आणि मेस्यू? तेही येणार ना तुमच्याबरोबर?"

'मेस्यू' ऐकल्याबरोबर नवरा खुलला. "वुई, बियाँ स्यूर!"

बाईने हसून माझ्याकडे पाहिलं, कारण उत्तर माझं हवं होतं. मी सावकाश बोलले नाही. ट्युनिशियाच्या बाईने शिकवलं होतं तसं, शब्दाला शब्द जोडून, भराभर बोलले. म्हणाले, नाही. मेस्यू येणार नाहीत. ते आपल्या देशात, आपल्या आईकडे राहणार आहेत. मी आणि माझी मुलगी येऊ.

टेबलाखाली मुलीचा पाय माझ्या पायाला लागला आणि तिथेच थांबला. तिला सगळं कळलं होतं.

गृहस्थ जरा पुढे झुकले. माणूस चांगला होता, खात्री करून घेत होता. त्यांनी थेट नवऱ्यालाच विचारलं, तुम्हाला हे मान्य आहे का, मुलीला आईबरोबर पाठवायला तुमची हरकत नाही ना.

"बियाँ स्यूर, मेस्यू!" नवरा म्हणाला, आणि छातीवर हात ठेवला.

मी बाजूला पाहिलं नाही. तेवढ्यात मुलगी बोलली. मी तिला काही शिकवलं नव्हतं, एक अक्षर नाही. शाळेतल्या स्वच्छ फ्रेंचमध्ये ती म्हणाली, "माझी आजी एकटी आहे. तिला पापांची गरज आहे."

"वुई, वुई," नवऱ्याने पुस्ती जोडली.

पांढऱ्या केसांच्या बाईचे डोळे ओलावले. किती मोठं मन आहे तुमचं, मेस्यू, असं काहीतरी ती म्हणाली. आईसाठी मागे राहणारी माणसं आता कुठे दिसतात. नवऱ्याने तिचेही आभार मानले. मग त्यांनी मला सांगितलं, की त्यांच्याकडून सगळं पक्कं, वसंतात बर्फ फुटण्याआधी या, म्हणजे बघायला मिळेल.

पडदा काळा झाल्यावर नवऱ्याने दोन्ही हात वर केले. "खलास! झालं काम!" त्याने लगेच आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "आई, पास झालो आम्ही! मला बघून तर ती बाई रडायलाच लागली." पलीकडून सासूबाईंनी देवाचं नाव घेतलं. मुलगी उठून गॅलरीत गेली आणि पाठमोरी उभी राहिली.

"सारखं मेस्यू, मेस्यू करत होती," तो मला म्हणाला. "माझ्याबद्दल काय विचारत होती गं? माझं काय करायचं म्हणाली?"

मी लॅपटॉप मिटला, वायर गुंडाळली.

"तुझं नंतर बघू," मी म्हणाले.

त्याचा सगळा चेहरा फुलला.

"म्हणालीस! बघ, म्हणालीस की नाही! हेच मघाशी म्हणायचंस ना!"

"काय म्हनाली रं ती तुला?" फोनमधून सासूबाईंचा आवाज चढला. "अरे-तुरे केलं का तिनं?"

"काही नाही गं आई," तो हसत हसत म्हणाला. "प्रॅक्टिस चाललीय."